भिंगरीचा कान

भिंगरीचे पाच जन्म झाले, पाचही कोल्हापुरातच; आणि सहाव्याच्या वेळी कुणीतरी तिच्या पहिल्या जन्माची चौकशी मांडली.

भिंगरी म्हणजे गाडी. दोन माणसांची, बुटकी, हलकी, वाटोळ्या डोळ्यांची, पाठ किंचित उचललेली. वेगाची गाडी श्रीमंताच्याच दारात का उभी राहावी, या एका हट्टापायी शिंगणापूरकर मोटर वर्क्सच्या दादासाहेबांनी ती १९९६ साली काढली. शाळामास्तरानं, नर्सबाईनं, कापडदुकानातल्या गड्यानंही रविवारी पन्हाळ्याची वळणं घ्यावीत आणि घरी येताना केस विस्कटलेले असावेत, एवढंच त्यांचं मागणं. इंजिन साध्या घरगुती मोटारीचं, दिवे ट्रॅक्टरचे, आरसे स्कूटरचे. चिंध्या जोडून गोधडी शिवावी तशी ती शिवलेली. पण रस्त्यावर आली आणि लोक वेडे झाले. कारण तिला वळवावं लागत नसे. तुम्ही मनात आणायचा अवकाश, ती वळणात शिरलेली असे. कारखान्यात रंगकामाला असलेल्या बायकांनी तिच्यावर ओवीच रचली होती:

वळणाच्या आधी वळे, माझी भिंगरी शहाणी
मनातलं मनी राही, तिला कळती कहाणी

दुसऱ्या जन्मात तिला वर-खाली होणाऱ्या काचा आल्या. तिसऱ्यात धडकेला फुगणाऱ्या सुरक्षेच्या पिशव्या आल्या, ब्रेकला अक्कल आली, आणि बाई अंगानं सुटली, लोक कुरकुरले. चौथ्यात पोलादी सांगाडा जाऊन अॅल्युमिनिअमचा आला आणि पुन्हा कंबर दिसू लागली. पाचव्यात इंजिन गेलं, बॅटरी आली. पण ती जमिनीखाली सपाट न पसरता मुद्दाम आसनांच्या पाठीशी रचली, जिथं पूर्वी इंजिन बसायचं तिथं, म्हणजे तोल मोडू नये. रूप बदललं, आवाज गेला, वजन चढलं आणि उतरलं. वळणाआधी वळायची ती खोड मात्र पाचही जन्मांत तशीच राहिली.

आता २०४६ साल होतं. बहुतेक मोटारी आपल्या आपण चालत होत्या आणि हातानं स्टिअरिंग धरायची हौस असलेली माणसं थोडी उरली होती. त्यांच्यासाठीच सहावी भिंगरी घडत होती. ती घडवत होतं एक यंत्र, आणि कारखान्यातले लोक त्या यंत्राला हेळवी म्हणत.

हेळवी म्हणजे बैलावर बसून दारी येणारा, पोथी उघडून तुमच्या सात पिढ्यांची नावं वाचून दाखवणारा. यंत्राचं काम तसंच. त्याला भिंगरीच्या पाचही जन्मांचे नकाशे दिले, शेकडो जुन्या गाड्यांची मापं दिली, पन्नास वर्षांत कुणी ती कशी चालवली त्याच्या जेवढ्या मिळतील तेवढ्या नोंदी दिल्या. मग त्यानं आपल्या पोटात गाड्या जन्माला घालायला सुरुवात केली. एखादं माप केसभर बदलायचं, गाडी कल्पनेतल्या रस्त्यावर सोडायची, धावली तर तिची पिल्लं काढायची, अडखळली तर ती शाखा तोडायची. निसर्गाला लाखो वर्षं लागतात ते हा दुपारच्या जेवणाआधी उरकायचा. आणि जाता जाता सांगायचा, की अमुक माप असं का. डोळे वाटोळे, कारण पहिले दिवे ट्रॅक्टरचे. पाठ उचललेली, कारण पहिल्या गाडीत स्टेपनी तिथं कोंबली होती. माणसाच्या पाठीशी शेपटाचं हाड उरलं आहे, तशी कितीतरी हाडं भिंगरीत निघाली.

एका हाडाचं मात्र कारण त्याला सापडेना. त्यासाठीच शलाका घोरपडे, सहाव्या भिंगरीची मुख्य इंजिनिअर, एका सकाळी उद्यमनगरातल्या चहाच्या गाड्याशी येऊन उभी राहिली.

गाड्यामागच्या दगडी कट्ट्यावर केरबा सुतार आणि बाबालाल मणेर बसले होते. बसलेलेच असत; दोघांची सत्तरी केव्हाच उलटलेली. केरबानं हयातभर फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न केले. ज्याच्याभोवती वाळू ठोकून साचा घेतात आणि त्या साच्यात धातू ओततात, तो नमुना म्हणजे पॅटर्न. बाबालाल एके काळी कोल्हापुरातला पहिल्या नंबरचा चालक. पहिली भिंगरी विकायला काढण्याआधी तपासायला त्याच्याच हाती दिली होती, आणि तिनंच पन्हाळ्याच्या वाटेवर, वाघबिळाच्या वरच्या वळणावर कठड्याला धडकून त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नेला. मग त्यानं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. क्लच नसलेल्या गाड्या येऊन जमाना झाला, एका पायानं सुखानं चालवता आली असती. पण त्यानं स्टिअरिंगला पुन्हा हात लावला नाही. पाय नाही म्हणायचा आणि विषय बदलायचा.

शलाकानं केरबामामांना कारखान्यात घेऊन जायचं आहे, असं सांगितलं. बाबालालनं डोळे मिचकावले.

"ने बाई. पण जपून. पन्नास वर्षांनी बोलावणं आलंय, एकतर सत्कार असंल न्हाईतर चोरी पकडली असंल."

केरबा हसला. गाडीत बसल्यावर मात्र तो तळहात मांडीवर पुसत राहिला.

कारखान्यात शलाकानं त्याला पडद्यावर एक तुकडा मोठा करून दाखवला. पुढच्या चाकाला धरणारा तो ओतीव भाग, आणि त्याच्या खांबाच्या टोकाचा उंचवटा, जिथं स्टिअरिंगची दांडी येऊन जोडते. कामगार त्याला कान म्हणत. स्टिअरिंगनं कान पिळायचा, चाकानं वळायचं. नकाशात हा कान दोनशे मिलिमीटरवर आहे, ती म्हणाली. पण पहिल्या भिंगरीच्या प्रत्येक गाडीत तो दोन पूर्णांक सहा मिलिमीटरनं खाली. दुसऱ्या जन्माच्या वेळी इंजिनिअरांनी नकाशाऐवजी धावणाऱ्या गाडीचं माप घेतलं, कारण लोकांना तीच आवडली होती; आणि तेव्हापासून ते माप वंशात उतरत आलं.

आणि सगळी जादू तिथंच होती. गाडी वळणात कलते तेव्हा बाहेरचं चाक वर दबतं. कान खाली असल्यामुळं दांडी त्या चाकाला आपोआप केसभर आत ओढते. माणसानं वळवण्याआधीच गाडी वळायला लागते. हेळव्यानं कान नकाशाबरहुकूम करून पाहिला होता. गाडी जास्त शहाणी झाली, सरळ झाली, आणि सगळ्यांना नकोशी झाली.

अडचण कायद्याची होती. यंत्रानं घडवलेल्या गाडीत प्रत्येक मापाला कारण लागे. यंत्राला कारण सांगता आलं नाही तर जिवंत माणसानं ते लिहून सही करायची, आणि ती नोंद सगळ्यांना वाचायला खुली. कुणीच पुढं आलं नाही तर माप यंत्राच्या हिशेबानं सरळ करायचं. सहाव्या भिंगरीत तर स्टिअरिंग आणि चाक यांच्यामध्ये दांडीही नव्हती, नुसती तार आणि मोटर. तिला वळायचं कसं ते आकड्यांनीच शिकवायचं. सोमवारपर्यंत कारण मिळालं नाही, तर ती खोड सहाव्या जन्मात जाणार नव्हती.

दादासाहेब जाऊन वीस वर्षं झाली, शलाका म्हणाली. पहिल्या गाडीचे भाग घडवणाऱ्यांपैकी तुम्हीच उरलात. मग जरा अडखळून तिनं विचारलं, हे दादासाहेबांनीच मुद्दाम केलं असेल का? लोक म्हणतात त्यांच्या हातात जादू होती. त्यांनी तोंडी सांगितलं आणि तुम्ही कान खाली घेतलात, असं काही आठवतं का?

केरबा पडद्याकडं बघत राहिला. दोनशेचा खांब, शंभराला एक पूर्णांक तीन, उत्तर दोन पूर्णांक सहा. आता सुटे भाग यंत्रं थरावर थर चढवून छापत. लाकडाची विद्या विझून गेलेली. हा आकडा बघताच ओळखणारा माणूस जगात एकच उरला असेल, आणि तो इथं खुर्चीवर बसला होता.

"आठवून सांगतो," तो म्हणाला.

घरी आल्यावर त्याला सगळं आठवतच होतं. विसरला कधी होता?

धातू निवताना आकसतो. अॅल्युमिनिअम शंभराला एक पूर्णांक तीन. म्हणून पॅटर्नमेकर लाकूड तेवढं वाढवून कापतो, आणि ते कापायला त्याची खास पट्टी असते, जिच्यावरचा सेंटिमीटर मुळातच जरा लांब आखलेला. चारदोनच भाग ओतायचे असतील तर लाकडावरूनच ओततात. पण हजारो ओतायचे तर लाकूड टिकत नाही. मग लाकडावरून आधी धातूचा पॅटर्न ओतायचा आणि त्यावरून खरा भाग. दोनदा ओतणं म्हणजे दोनदा आकसणं. त्याला दुहेरी पट्टी.

दादासाहेबांनी आधी चार नमुनेच हवेत म्हणून सांगितलं होतं. केरबानं कानाचा खांब, तो सुटा तुकडा असतो, एकेरी पट्टीनं कापून कपाटात ठेवला. मग जोतिबाच्या यात्रेची सुट्टी आली. सुट्टीवरून आला तो हुकूम बदललेला: धातूचा पॅटर्न करा, हजार गाड्या काढायच्या. केरबानं दुहेरी पट्टी घेऊन बाकीचा सगळा भाग नव्यानं कापला. कान मात्र कपाटातून काढला, फुंकर मारून भुसा उडवला आणि आहे तसा, एका आकसण्याएवढा तोकडा, जोडला. तो सत्तावीस वर्षांचा होता, आणि आपल्या हाताचं पुन्हा मोजायची त्याला सवय नव्हती. पुढं भोक पाडणाऱ्यानं रिवाजाप्रमाणं कानाचाच मध्य धरला, आणि चूक धातूत कायमची बसली.

बाबालाल धडकला त्याच्या दुसऱ्या दिवशी केरबानं पॅटर्नला पट्टी लावली, तेव्हा त्याला कळलं. वाघबिळाच्या वर, वळणातच, रस्त्यावर मोरीचा उंचवटा होता. त्यावर चाक उसळलं असणार, आणि कानानं चाक आत ओढलं असणार, नको तितकं. कुणी कुणाला दोष दिला नाही. मोरीवर खापर फुटलं. दादासाहेबांनी स्प्रिंगा ताठ केल्या, चाक उसळायचं कमी झालं, आणि जी ओढ उंचवट्यावर जीव घेत होती ती वळणावर जीव लावू लागली. केरबानं पुन्हा मोटारीचा पॅटर्न केला नाही. पंपाचे केले, उसाच्या चरकाचे केले. आणि रोज सकाळी कट्ट्यावर आला.

आता एक खोटी ओळ लिहिली की झालं असतं. दादासाहेबांनी तोंडी सांगितलं. मेलेल्या माणसाचा मान वाढला असता, भिंगरीची खोड वाचली असती, कुणाचं काही बिघडलं नसतं. खरं लिहिलं, तर बाबालाल ते वाचणार. भिंगरीवर आलेलं एक अक्षर तो सोडत नसे. आणि काहीच नाही लिहिलं, तर भिंगरीच्या अंगातला जीव आपल्याच गप्प बसण्यानं जाणार. पाय निदान न कळता गेला होता.

तीन दिवस तो कट्ट्यावर जाऊन तसाच परत आला. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, बाबालाल जुम्म्याच्या नमाजाला उठण्याआधी, केरबानं सगळं सांगितलं. पट्टी, यात्रेची सुट्टी, कपाट, फुंकर. बाबालालनं मध्ये एकदाही तोडलं नाही. केरबाचं बोलणं संपलं तेव्हा रस्त्यावरून एक टेम्पो गेला, तो पार वळून दिसेनासा होईपर्यंत बाबालाल त्याच्याकडं बघत राहिला.

"तुला काय वाटतंय," तो म्हणाला, "मला पायाचं वाईट वाटंल?"

केरबानं हातातला कप कट्ट्यावर ठेवला.

"पाय गेला, जाऊ दे. गाड्या तपासायच्या म्हटल्यावर कधीतरी काहीतरी जाणारच हुतं. पर मी पन्नास वर्षं काय समजत आलो ठाव हाय? माझा हात चुकला, असं. मोरी मला दिसली हुती, केरबा. मी तिच्या हिशेबानंच गाडी घातली हुती, आणि तरी चुकलो. तवा ठरीवलं, ज्याला आपल्या हाताचा भरवसा न्हाई त्यानं चाक धरू नये. बायकोला पण सांगितलं न्हाई मी हे. पाय न्हाई म्हणत हिंडलो."

"बाबालाल, मला..."

"तू पाय घेतला न्हाईस लेका. हात घेतलेस माझे. आणि रोज सकाळी शेजारी बसून चा प्यालास."

तो उठला आणि काठी टेकत मशिदीकडं चालू लागला. केरबाला त्या क्षणी एवढंच कळलं, की पन्नास वर्षं तो ज्या गुन्ह्याचं ओझं वाहत होता तो गुन्हा दुसराच होता, आणि खरा त्याला ठाऊकच नव्हता.

शनिवारी कट्टा रिकामा. रविवारी रिकामा. चहावाल्यानं विचारलं, भांडलासा काय? केरबा नाही म्हणाला, आणि ते खरंही होतं. भांडण असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी तो कारखान्यात गेला आणि शलाकाला सगळं सांगून टाकलं. तिनं नोंदीचा कागद पुढं केला. केरबा चष्मा पुसत होता, तेवढ्यात दारात काठीचा आवाज झाला.

बाबालाल इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. केरबाकडं त्यानं पाहिलं नाही. शलाकाला त्यानं विचारलं, गाडी कुठाय. ती म्हणाली, त्या दिवशी नक्की काय झालं ते हेळवी सांगू शकेल. तेच वळण, तीच मोरी, लाख वेळा गाडी घालून बघेल, कान असा आणि कान तसा. आज दुपारपर्यंत उत्तर मिळेल.

"त्याचं उत्तर त्याच्यापाशी ठेव," बाबालाल म्हणाला. "मला गाडी दे. कान दोन्ही तऱ्हेनं लावून दे. मी सांगतो."

शलाकानं त्याचं वय विचारात घेतलं असणार, पाय घेतला असणार, आणि नियमही. मग तिनं बाबालालच्या तोंडाकडं पाहिलं आणि किल्ली आणायला गेली. कारखान्यामागच्या चाचणीच्या रस्त्यावर सहावी भिंगरी उभी होती, अजून रंग न लावलेली. त्या रस्त्यावर एक वळण होतं, आणि वळणात मुद्दाम बांधलेला उंचवटा.

बाबालाल बसला. आरसा नीट केला. मग बाहेर उभ्या केरबाला म्हणाला, "शेजारी बस. तुझ्या कानावर मी एकटाच बसलो हुतो तवा."

पहिल्या फेरीला आकड्यांतला कान नकाशाबरहुकूम होता. गाडी वळली, सांगितलं तितकी वळली, उंचवट्यावर उसळली आणि सरळ राहिली. बाबालालनं गाडी परत आणून उभी केली. शलाकानं आकडा बदलला. दुसऱ्या फेरीला वळण आलं, आणि केरबाला कळलं, की गाडी आधीच वळते आहे. कुणीतरी हात धरून अंगणात न्यावं तशी. मग उंचवटा आला. चाक उसळलं, गाडीनं एकदम आत धाव घेतली, आणि केरबानं डोळे मिटून घेतले.

काही झालं नाही. डोळे उघडले तेव्हा गाडी रस्त्याच्या मधोमध होती आणि बाबालालचे दोन्ही हात बाहेरच्या बाजूला वळून पुन्हा सरळ येत होते. ते केव्हा गेले, केरबाला दिसलं नव्हतं. हात म्हातारे होते, शिरा वर आलेल्या, आणि थरथरत नव्हते.

बाबालालनं गाडी थांबवली.

"हीच ती ओढ," तो म्हणाला. "तवा बी हात असेच गेले हुते. आठवतंय मला. मला वाटायचं उशिरा गेले. उशिरा न्हवते, केरबा. रस्ता संपला हुता."

केरबा रडला. बाबालालनं त्याला रडू दिलं. समजूत घातली नाही, खांद्यावर हातही ठेवला नाही. मग त्यानं गाडी पुन्हा सुरू केली आणि तिसरी फेरी घेतली, मग चौथी, प्रत्येक वेळी उंचवट्यावर थोड्या जास्त वेगानं. शलाका कडेला उभी राहून हातातल्या पडद्यावर आकडे बघत होती आणि तिला थांबा म्हणायचं सुचत नव्हतं.

उतरल्यावर बाबालाल तिच्याशी चालकासारखा बोलला, मोजकं आणि स्पष्ट. वळणातली ओढ ठेवायची. उसळीतली काढायची. दोन्ही एकाच कानातनं येत हुत्या म्हणून तवा इलाज न्हवता. आता जमंल काय? शलाका म्हणाली, जमेल. दांडी असती तर नसतं जमलं. पण आता मध्ये तार आहे, आणि गाडी कलते आहे की उसळते आहे हे चाकाला वेगळं ओळखायला शिकवता येतं. कलली तर ओढायचं, उसळली तर नाही. पन्नास वर्षांत भिंगरीला कुणी हे शिकवलं नव्हतं, कारण हे शिकवायला हवं हे सांगणारं कुणी नव्हतं.

केरबानं कागद ओढला आणि मोठ्या, वळणदार अक्षरात लिहिलं: माप माझ्या चुकीनं आलं. दुहेरी पट्टीच्या जागी एकेरी वापरली. कळल्यावर सांगितलं नाही. केरबा सुतार, पॅटर्नमेकर.

बाबालालनं ते वाचलं. दोनदा वाचलं. पेन घेऊन त्याखाली लिहिलं: गाडी तपासली. ओढ वळणात ठेवावी, उसळीत काढावी. बाबालाल मणेर. मग जरा थांबून पुढं एक शब्द लिहिला, चालक, आणि त्याखाली रेघ मारली.

बाहेर ऊन चढलं होतं. फाटक बरंच लांब होतं. केरबानं चालता चालता विचारलं, उद्या कट्ट्यावर येणार का.

"उद्या न्हाई," बाबालाल म्हणाला. "राग हाय अजून. परवा बघू."

"बरं," केरबा म्हणाला.

आणि एक पुढं, एक चार पावलं मागं, असे दोघं फाटकाकडं चालत राहिले.